हलका पाय

घाट चढताना गप्प असते.
सीताफळाचे साठ कॅरेट पाठीवर, दुसरा गिअर,
पाय पार तळाला,
तरी हूं नाही की चूं नाही.
तेलगावची सपाटी लागली,
नुसता अंगठा टेकवला पेडलवर
की सुरू: टक् टक् टक्,
जशी बंद दाराची कडी
कुणी उगीच बोटानं हलवावी.

महिनाभर ती कडी ऐकली.
टायरवाला म्हणाला, फाउंडेशनचं रबर गेलं.
बदललं.
चुलतमेहुणा म्हणाला, ऑइल पातळ झालंय.
तेही बदललं.
वडवणीचा एक ड्रायव्हर तोंडातली विडी न काढता बोलला,
बेरिंग. इंजिन उतरवावं लागंल, मुंजाभाऊ.
त्या रात्री हमालीच्या पावतीमागं
सत्त्याण्णवच्या मॉडेलचे भंगारात किती येतील
ते मी मांडून पाह्यलं.

धारूरला, किल्ल्याकडच्या रस्त्याला, जिलानी मिस्त्री.
इंजिनापाशी राहून राहून दोन्ही कान गेलेले.
मी ओरडलो, वाजायलीय!
"सबकीच बजती," तो म्हणाला,
"कब बजती, वो बोलो."
कधी, ते कुणी विचारलंच नव्हतं.

लांब पेचकस घेतला.
टोक इंजिनाच्या अंगाला,
मूठ दातात,
डोळे मिटलेले.
जबड्याच्या हाडानं ऐकतो हा माणूस.
बोटानं खूण: थोडी रेस. अजून जराशी. बस.
बळी, अकरावी नापास, पंपाची तार चिमटीत धरून उभा,
दूध उतू जाऊ नये तसा.

सतरा नंबरचा पाना.
पहिल्याचा नट ढिला केला:
डिझेल फसकन बाहेर, इंजिन लंगडलं,
टक् टक् तशीच.
दुसरा. लंगडलं. तशीच.
तिसऱ्याला हात लावला
आणि शांत.
म्हणजे धूर होता, घरघर होती, गाडी थरथरत होती,
पण कडी हलायची थांबली.

बेरिंगच का मग?
मान हलली, ना हो ना नाही.
"अब्बी मालूम नै."
तिसऱ्याचा नोझल चौथ्याला, चौथ्याचा तिसऱ्याला,
तांब्याच्या वायसरी लाल तापवून, पाण्यात बुडवून
परत आपापल्या जागी.
चार वाजले.
मागं उरलेल्या कॅरेटातल्या सीताफळांनी उन्हात डोळे उघडले,
शाळेतून आलेल्या त्याच्या नातीनं
एक न विचारता फोडलं.

परत रेस. परत पाना.
तिसरा ढिला: टक् टक् चालूच.
चौथा ढिला:
गप्प.

जिलानीनं दातातला पेचकस काढला.
"बीमारी चलके गई.
हड्डी में रहती तो नै चलती."
मी मडगार्डवर बसलो,
कारण उभं राहवेना.

अंबाजोगाईच्या पंपवाल्यानं मशीनला लावून दाखवलं:
चांगला नोझल धुकं सोडतो,
हा एका अंगाला मुतल्यासारखा, थेंब थेंब.
जोरात दाबलं की मोठ्या आवाजात बुडतं सगळं.
हलक्या पायाला
झाकायला काही नसतं.
"कॅनमधलं डिझेल घालता काय हो?"
मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहायला लागलो.

नवा बसला. बळीनं तार धरली.
"गया?" जिलानीनं मला विचारलं.
त्याला खरंच कळलं नव्हतं.
मी मान डोलावली, हातानं दाखवलं, गेलं, गेलं.
विश्वास बसला नाही त्याचा.
पेचकस पुन्हा दातात,
आणि बराच वेळ तो तसाच वाकून,
नसलेलं ऐकत.

तेलगावच्या सपाटीला अंगठा टेकवला.
काच खाली केली, श्वास धरला.
टक् नाही.

सीटमागं जॅक वाजत होता,
किती वर्षांपासून कोण जाणे.